खांब काढले, भिंती ठेवल्या

उमरगा, लोहारा आणि तुळजापूर या तालुक्यांत जुनी घरं दुरुस्त करण्यात आणि शेतात छोटी घरं बांधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. वाड्यांचे सोपे उतरवले, माळवदं काढली, स्लॅब टाकले. त्यातलं बरंच काम चुकलं. दिसायला ती घरं चांगली आहेत, वास्तुशांतीला मालकांनी मला टोपी-टॉवेलचा आहेरही केला. पण आतली माणसं आधीच्या घरात जितकी सुरक्षित होती तितकीही या घरात नाहीत, आणि त्याला मी कारण आहे. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचं पाणी गावांत शिरलं, मातीच्या भिंती बसल्या, माळवदं खाली आली. आता तिथेही घराघरांत ‘सगळं काढा आणि स्लॅब टाका’ हेच बोललं जाईल. म्हणून माझं कुठे काय चुकलं ते नीट मांडायला हवं.

आधी आमच्याकडचं जुनं घर कसं असतं ते सांगतो. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती. साध्या घराच्या दोन-अडीच फूट रुंद, वाड्याच्या चार फूटही. आत लाकडी खांब. ऐपतीप्रमाणे सागाचे, नाहीतर बाभळीचे किंवा लिंबाचे. प्रत्येक खांब घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर किलच आणि काटक्यांचा थर, आणि सगळ्यात वर गावठाणातली पांढरी माती. हे माळवद. उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला त्यात साणं ठेवलेलं. घर किती मोठं हे लोक खणांत सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आमच्या आजोबांच्या पिढीला घराचं चौरस फुटांतलं माप सांगता आलं नसतं, पण खण प्रत्येकाला पाठ होते. घर मोजायचं ते खांबांनी, भिंतींनी नाही, एवढी एक गोष्ट जरी मी मनावर घेतली असती तरी पुढचं बरंच टळलं असतं.

माळवद गळू नये म्हणून मिरगाच्या आधी वर नवी माती पसरायची. जुनी खरवडून काढायची तसदी फारसं कोणी घेत नसे. त्यामुळे वीतभर थराचा हळूहळू हातभर थर होई. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खणावर दीड फूट माती असली तर ती दीडशे घनफूट, म्हणजे दीड ब्रास भरते आणि तिचं वजन सात टनांच्या आसपास जातं. एवढं ओझं डोक्यावर घेऊन घर उभं. पाच इंची स्लॅबचं वजन तेवढ्याच जागेत तीन टनांच्या आसपास. हा हिशेब मी प्रत्येक घरमालकाला वहीवर करून दाखवत असे: ‘बघा, निम्म्याहून जास्त ओझं कमी होतंय.’ आकडे बरोबर होते. ते ओझं कशावर ठेवणार, हा प्रश्न मात्र मी कधी वहीवर मांडला नाही.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते, आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर यांच्या आसपासची गावं जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली. तोपर्यंत देशाच्या भूकंप-नकाशात आमचा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात होता. पुढे 2002 मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

मी तेव्हा नुकताच स्थापत्याची पदविका घेऊन बाहेर पडलो होतो. ढिगारे उपसायला आणि पुढे घरांची नोंद करायला मीही फिरलो. कितीतरी ठिकाणी एक दृश्य दिसे. भिंती चारी बाजूंनी ढासळलेल्या, दगडांचा खच पडलेला आणि मधोमध खांब-तुळयांचा सांगाडा उभा, कधी माळवदासकट. जिथे खांब नव्हते, तुळया थेट भिंतीत खोचलेल्या होत्या, तिथे भिंत गेली की माती-लाकूड सगळं खाली येऊन माणसांवर पडलेलं. फरक डोळ्यांसमोर होता. भूकंपानंतर आलेल्या अभ्यासकांनीही तो लिहून ठेवला आहे. मी मात्र एवढंच मनात घेऊन परतलो की माती वाईट, लाकूड जुनं, आणि आता सिमेंटशिवाय तरणोपाय नाही.

हे मत फक्त माझं नव्हतं. 52 गावं मूळ जागेवरून हलवून नव्यानं वसवली गेली. जमिनीच्या मानानं अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते, पक्क्या भिंती, वर काँक्रीट. लोक रात्री त्या छताखाली झोपू शकले हे फार मोठं काम होतं आणि मी ते कमी लेखत नाही. पण जी गावं जागेवरच राहिली, जिथली घरं तडकली होती पण पडली नव्हती, तिथे सरकारनं दुसरंही एक काम सांगितलं होतं: आहे तेच घर मजबूत करा. त्याची चित्रांची पत्रकं निघाली, गवंड्यांना शिकवणं झालं. ती पत्रकं माझ्याकडेही होती. मी ती फाईलला लावली आणि विसरलो. ज्यांना दुरुस्तीचे पैसे मिळाले त्यांनी बहुतेकांनी जुन्या घराला हात न लावता अंगणात एक नवी पक्की खोली बांधली. तशा खोल्या मीही बांधून दिल्या. जुनं घर शेजारी तसंच उभं राहिलं. भीती ओसरली तशी माणसं पुन्हा त्यातच झोपू लागली, कारण नव्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नव्हतं.

पुढची मोठी चूक त्या जुन्या घरांतच झाली. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली असतील. हातात थोडा पैसा आलेली माणसं म्हणू लागली, ‘भिंती चांगल्या अडीच-तीन फुटी आहेत, त्या कशाला पाडायच्या? वरचं माळवद तेवढं काढा आणि स्लॅब टाका.’ मला ते पटलं. भिंत रुंद म्हणजे दणकट, हे शाळकरी मुलालाही पटेल. खांब मध्ये अडचण करत होते. टीव्ही ठेवायला, सोफा टाकायला मोकळी बैठक हवी होती. म्हणून खांब काढले, तुळया उतरवल्या आणि स्लॅब थेट दगड-मातीच्या भिंतींवर ओतला.

पहिल्याच अशा कामावर एक म्हातारे गवंडी होते. मी त्यांना तात्या म्हणायचो. खांब उपटायला माणसं लावली तेव्हा ते हातातली थापी ठेवून माझ्याकडे आले.

“सायेब, खांब काडल्यावर छत कशावर ठिवायचं?”

“भिंतीवर, तात्या. तीन फुटी भिंत आहे.”

“भित म्हंजी नुसता आडोसा असतोय. ऊन-वारा-चोर आडवायला. ओझं खांबाचं. आमी भित तशी रचलीच न्हाई.”

मी त्यांना समजावलं, माझी वही दाखवली. तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते गप्प बसले आणि त्या संध्याकाळी मजुरी घेऊन गेले ते परत आले नाहीत. त्या वेळी मला वाटलं, त्यांना काँक्रीटचं काम जमत नाही म्हणून गेले.

‘भित तशी रचलीच न्हाई’ याचा अर्थ मला 2016 मध्ये कळला. तीन-चार वर्षं दुष्काळानं पोळून काढल्यावर त्या वर्षी सप्टेंबरात झड लागली ती थांबेना. मी स्लॅब टाकलेल्या एका घराच्या रस्त्याकडच्या भिंतीला पोट आलं होतं. पावसाच्या तिसऱ्या दिवशी तिचा बाहेरचा पदर वाळलेल्या तुरीच्या शेंगेसारखा उकलून रस्त्यावर पडला. शाळेची वेळ नव्हती म्हणून कोणी सापडलं नाही. मी गेलो तेव्हा स्लॅब भिंतीच्या उरलेल्या अर्ध्या रुंदीवर टेकलेला होता. आत घरातल्या बाई चुलीपाशी होत्या. आधी त्यांना बाहेर काढलं, टेकू लावले आणि मग मी ती उघडी पडलेली भिंत पहिल्यांदा नीट पाहिली.

ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक पदर रचलेला, आतून एक पदर रचलेला, आणि मधल्या जागेत चिपा, गोटे आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा एकही लांब दगड नव्हता. असे दगड घडवायला महाग पडतात. आमच्याकडच्या साध्या घरांत ते क्वचितच सापडतात. तीन फूट रुंदी म्हणजे दोन सुट्या भिंती आणि मध्ये सैल भरणा. पाणी आत मुरलं की माती फुगते आणि पदर ढकलते. जमीन हलली की भरणा खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्हीकडे रेटतो. किल्लारी-सास्तूरला जे झालं त्याचं मूळ यात होतं. भिंत जितकी जाड तितका भरणा जास्त, आणि तितकी ती उकलायला सोपी.

म्हणजे भूकंपात ज्या भिंतींनी माणसं मारली त्या मी जपून ठेवल्या, आणि ज्या खांबांनी काही माणसं वाचवली ते मी काढून टाकले. शिवाय जे ओझं खांब पेलत होते ते नेऊन त्याच भिंतींवर ठेवलं.

त्या रात्री जुन्या फाईलमधली पत्रकं मी शोधून काढली. सगळं तिथे होतं. भूकंप झाला त्याच वर्षी निघालेल्या भारतीय मानकातही, आयएस 13828 मध्ये, कच्च्या जोडणीच्या दगडी भिंतीसाठी स्वच्छ लिहिलेलं आहे: भिंतीच्या आरपार जाणारे दगड दर दोन फूट उंचीला आणि आडवे चार फुटांच्या आत हवेत, भिंत दीड फुटापेक्षा जाड नको, दार-खिडक्यांच्या वरून घराला चारी बाजूंनी सलग पट्टा हवा. मी पदवीधर साहेबांच्या बरोबरीनं कामं घेत होतो आणि एवढं वाचलेलं नव्हतं. तात्यांना मात्र ते न वाचताही ठाऊक होतं.

काश्मीरमध्ये 8 ऑक्टोबर 2005 ला भूकंप झाला तेव्हा तिकडच्या ‘धज्जी देवारी’ पद्धतीची, म्हणजे लाकडी चौकटीत दगड-माती भरलेली घरं नव्या दगडी घरांपेक्षा चांगली टिकली. सीमेपलीकडे पुनर्बांधणीत तर ती पद्धत मान्य करून लोकांना तशी घरं बांधायला मदत दिली गेली. आमच्या खणाच्या घराला असा मान कधी मिळाला नाही. तो मिळावा म्हणून बोलायला हवं होतं ते माझ्यासारख्यांनी, कारण आम्ही दोन्ही बाजू पाहत होतो: कागदावरचं शास्त्रही आणि ढिगाऱ्यातून उभा राहिलेला खांबही.

काढलेल्या खांबांचं काय झालं हेही सांगितलं पाहिजे. सागाचे नक्षीदार खांब, कोरलेल्या चौकटी, पितळी कड्यांची दारं घ्यायला बाहेरून व्यापारी यायचे. लाकूड वजनावर किंवा घनफुटावर जायचं. मी ते सौदे जमवून दिले आणि त्यात माझा वाटा घेतला. घरमालकाला वाटे, जुन्या लाकडाच्या पैशांत स्लॅबचं लोखंड निघालं, बरं झालं. एका वाड्याच्या ढेलजेतले खांब गेले तेव्हा घरातल्या आजींनी एका खांबाला हळदकुंकू लावलं. मी शेजारीच उभा होतो, आणि मला एवढीच घाई होती की ट्रक दिवसाउजेडी भरून निघावा.

सिमेंटच्या गिलाव्याची गोष्ट तशी लहान, पण नुकसान तिनंही केलं. मातीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा, भुसा आणि शेण मिसळून कुजवलेला गिलावा असतो. जोत्यातून वर चढणारी ओल त्यातून बाहेर पडते, भिंत वाळते. त्यावर मी सिमेंट थापलं. ओल आत कोंडली, लोणा वर चढत गेला, दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे पत्र्यासारखे सुटून आले, आणि मागची माती हाताला लागली ती शिऱ्याइतकी मऊ. दुरुस्ती म्हणून मी पुन्हा सिमेंटच थापलं. चुना वापरायला हवा होता, किंवा जुन्यासारखी माती. पण चुना मुरवायला वेळ लागतो आणि मला पुढचं काम दिसत असे.

शेतातल्या घरांत वेगळीच चूक झाली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अलीकडे निवृत्त माणसं शेतात घर बांधू लागली आहेत. दोन खोल्या, पडवी, पुढे झाडं. अशा एका गुरुजींचं घर मी काळ्या रानात बांधलं. गुरुजींना उन्हाळ्यापूर्वी राहायला यायचं होतं. पाया तीन फुटांवर थांबवला, कारण तिथे माती घट्ट लागली. घट्ट होती, पण काळीच होती. मुरूम आणखी खाली होता. आणि जोत्यात भर टाकायला बाहेरून मुरूम आणायच्या ऐवजी खणलेली काळी मातीच टाकली. तेवढाच भाड्याचा खर्च वाचला.

काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. चैत्र-वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, आणि मी शेतकऱ्याचाच पोरगा. पहिल्या पावसात फरशी मध्ये उचलली गेली. पुढच्या उन्हाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्या. गुरुजींनी भिंतीला लागूनच फुलझाडं लावली होती आणि रोज पाणी घालत होते. मोरीचं पाणीही तिथेच सोडलेलं. म्हणजे एक बाजू सतत ओली, दुसरी कोरडी, आणि घर त्या दोन्हींच्या मध्ये पिळलं जात होतं. पाया मुरमापर्यंत न्यायचा, जोत्यात मुरूमच भरायचा, घराभोवती उताराची फरसबंदी करून पाणी लांब काढायचं, झाडं दहा-पंधरा फूट दूर लावायची. मुरूम फारच खोल असेल तर खाली फुगा असलेले काँक्रीटचे खुंट घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत अशाच जमिनींसाठी रुळवली. यातलं मला सगळं माहीत होतं. मी ते केलं नाही, कारण गुरुजींनी विचारलं नाही. जाणकार मी होतो, तर विचारायची जबाबदारी त्यांच्यावर कशी? त्या घराच्या चिरा मी स्वतःच्या खर्चानं भरल्या, त्या पुन्हा उघडल्या. शेवटी जोत्यातली माती काढून मुरूम भरला, पाणी वळवलं, तेव्हा कुठे त्या थांबल्या. पाया आहे तिथेच आहे.

आता मी काम वेगळं करतो. माळवदाचं घर आलं की आधी वरची जादा माती उतरवून थर वीतभर आणायचा, लाकूड तपासायचं, वाळवी लागलेला खांब तेवढा बदलायचा. खांब आणि तुळई यांच्या जोडाला तिरके टेकू ठोकायचे, म्हणजे सांगाडा हेलकावत नाही. मग भिंत. सगळी भिंत पाडायची गरज नसते. दोन्ही बाजूंनी सावकाश, घण न घालता दगड सोडवून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकं वाकवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं. तो काँक्रीटचा दगड दोन्ही पदरांना धरून ठेवतो. दर तीन-चार फुटांवर एक. वरून घराला पट्टा बांधायचा. गिलावा मातीचा किंवा चुन्याचा. खर्च स्लॅबपेक्षा कमी येतो; माणसांचे दिवस मात्र जास्त जातात आणि काम बाहेरून दिसत नाही. घरमालकाला ते पटवणं सगळ्यात अवघड, कारण पाहुण्यांना दाखवायला काहीच नसतं.

आणि माझी जुनी घरं? त्यांची यादी मी केली आहे. काही पाडून नवी झाली. काहींचे मालक पुण्याला, घरं कुलूपबंद. बाकीच्यांकडे मी एकेक करून जातो आणि जे केलं ते सरळ सांगतो. बरेचजण ऐकून घेत नाहीत; इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार, असं म्हणतात. एका काकूंनी मात्र ऐकलं. त्यांच्या बैठकीत स्लॅबखाली, पूर्वी जिथे तुळया होत्या त्याच रेषेत लोखंडी गर्डर घातले आणि त्यांना लोखंडी खांब दिले. खांबांसाठी फरशी फोडली तेव्हा जुने तळखडे खाली जागच्या जागी होते. मी ते कधी काढलेच नव्हते, वरून फरशी घातली होती. त्यांच्याखालचं उकरून पाहिलं. भराव दगडासारखा बसलेला होता, म्हणून नवे खांब त्यांवरच उभे केले. त्यानंतर भिंतींत आरपार सळया घातल्या. या कामाची मजुरी मी घेतली नाही, सामानाचे पैसे काकूंनी दिले.

त्यांच्या मुलाला बैठकीतले खांब आवडलेले नाहीत. सोफा कुठे ठेवायचा, असं तो विचारतो. शेजारच्या गल्लीतलं घर अजून बाकी आहे; त्या घराची दक्षिणेकडची भिंत ओळंबा लावल्यावर बाहेर झुकलेली निघाली. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. सोयाबीन निघालं की टेकू लावायला सुरुवात करायची असं ठरलं आहे, आणि तोवर त्या भिंतीलगतची खोली रिकामी ठेवा, लेकरांना तिथे झोपवू नका, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.